रणगाड्याच्या मॉडेलवर प्रायमर आणि रंग: पॅन्झर ४ च्या निमित्ताने सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पॅन्झर ४ रणगाड्याचं १/३५ मापाचं मॉडेल, एच आवृत्ती, जोडून तयार आहे. बाजूचे स्कर्ट (ट्रॅकसमोर टांगलेले चिलखती पत्रे) पातळ पितळी पत्र्याचे आहेत, तोफेची नळी ॲल्युमिनियमची. हाताशी मोटारींच्या टचअपसाठी मिळतो तो राखाडी प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) स्प्रे कॅन आहे. याआधीच्या मॉडेलवर त्याच कॅनने पृष्ठभाग खरखरीत झाला होता, आणि मास्किंग टेप काढताना नळीवरचा रंग टेपबरोबरच निघून आला. तर प्रायमर खरंच लागतो का, काळा घ्यावा की राखाडी, एअरब्रश नसेल तर काय करायचं, आणि ट्रॅक आधी बसवायचे की नंतर?

मॉडेल रंगवण्याबद्दल जो सल्ला सगळीकडे फिरत असतो त्यातला बराचसा मोटारींची मॉडेलं करणाऱ्यांकडून आलेला असतो. प्रायमर भरपूर मारा, ओल्या पॉलिश पेपरने घासा, परत मारा, परत घासा. मोटारीच्या बॉनेटवर ते अगदी बरोबर आहे, कारण तिथे चकाकी हवी असते. रणगाड्यावर घासायला सपाट जागा मिळते कुठे? बोल्ट, वेल्डिंगच्या रेघा, बिजागऱ्या, हत्यारांचे क्लॅम्प, इंजिनावरच्या जाळ्या. पेपर फिरवला की यातलं काहीतरी जाणारच. म्हणून चिलखती गाड्यांवर प्रायमर पहिल्या फेरीतच पातळ आणि एकसारखा बसवावा लागतो. नंतर सुधारू, ही सोय इथे जवळजवळ नाही.

पातळ म्हणजे किती, याचा हिशोब एकदा करून बघा. खऱ्या पॅन्झर ४ चे बाजूचे स्कर्ट ५ मि.मी. जाडीच्या पोलादी पत्र्याचे होते. ३५ ने भागलं की ०.१४ मि.मी. येतात. म्हणजे तुमच्या संचातला पितळी पत्रा मापाला जवळपास बरोबर आहे, आणि त्यासाठीच तर तो घेतलेला असतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मि.मी. जाड असतो. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्रायमर आणि रंग मिळून केसाएवढा थर चढला तर स्कर्टची जाडी थेट दुप्पट होते, आणि पितळ वापरल्याचा फायदा संपतो. बोल्टचंही तसंच. खऱ्या गाडीवरचं दोन सेंटिमीटर रुंदीचं बोल्टचं डोकं या मापात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जेमतेम मोठं भरतं. त्याच्या कडा रंगात बुडाल्या की पुढे कितीही चांगला वॉश (खाचांत उतरवायचा पातळ गडद रंग) दिलात तरी तिथे धरायला काही उरत नाही. गाडीवर झिमेरिटचा, म्हणजे चुंबकी सुरुंगांपासून बचावाच्या लेपाचा, थर दाखवला असेल (सप्टेंबर १९४३ पासून सुमारे वर्षभर तो कारखान्यातच लावला जायचा) तर त्याच्या बारीक खाचा सगळ्यात आधी बुजतात.

आता, प्रायमर लागतो का? नुसतं प्लॅस्टिक असतं आणि लॅकर जातीचा (कडक द्रावकाचा, भराभर वाळणारा) रंग मारणार असतात तर प्रायमरशिवायही निभावलं असतं. असा रंग पॉलिस्टायरीनला स्वतःच धरतो. पण तुमच्याकडे तीन वेगवेगळे पदार्थ आहेत. प्लॅस्टिक, पितळ आणि ॲल्युमिनियम. ॲक्रिलिक रंग उघड्या धातूवर दिसायला छान बसतो, मात्र धरत नाही. नखाने खरवडलं तरी निघतो, टेपने तर हमखास. नळीवरचा रंग गेला त्याचं कारण बहुतेक तेच आहे, आणि टेपला बोल लावण्यात अर्थ नाही. शिवाय पिवळट प्लॅस्टिक, सोनेरी पितळ, सांधे बुजवायची पांढरी लांबी आणि चंदेरी नळी यांच्यावर एकच रंग मारला तर तो चार ठिकाणी चार छटांचा दिसतो. प्रायमरने सगळं एका रंगावर येतं.

प्रायमरचा आणखी एक उपयोग मला सर्वात मोलाचा वाटतो: तो चुका दाखवतो. उघड्या प्लॅस्टिकवर सांधा बुजलाय असं वाटत असतं. राखाडी थर पडला की तोफेच्या आवरणावरची उभी रेघ, लांबीच्या कडेचा उंचवटा, गोंदाचं बोट लागलेली जागा, सगळं समोर येतं. दिवा वर न ठेवता बाजूला, अगदी टेबलाच्या पातळीवर ठेवा आणि मॉडेल हळूहळू फिरवा. तिरप्या उजेडात सावली पडते आणि दोष लपत नाहीत. जिथे दिसेल तिथे लांबी भरा, तेवढीच जागा घासा, तेवढ्याच जागेवर पुन्हा हलका फवारा. अख्ख्या गाडीवर दुसरा हात मारायची गरज नसते.

प्रायमर मारायच्या आधीची तयारी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. साच्यातून सुटे भाग सहज निघावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश प्लॅस्टिकवर राहू शकतो. रेझिनच्या भागांवर तर तो हाताला जाणवण्याइतका असतो. त्यात जोडणी करताना बोटांचं तेल लागलेलं असतं. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मग स्वच्छ पाणी आणि हवेवर वाळवणं. पुसायला कापड नको, तंतू अडकतात. नळी आणि स्कर्ट यांना त्याआधी ८०० च्या आसपासच्या पॉलिश पेपरने अगदी हलके ओरखडे द्या, चमक गेली की पुरे, आणि अल्कोहोलने पुसून घ्या. यानंतर उघड्या हाताने धातूला स्पर्श करायचा नाही. गाडी खालून धरता यावी म्हणून जुन्या बाटलीच्या बुचाला किंवा लाकडाच्या ठोकळ्याला दुहेरी टेपने चिकटवा. टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) झाकणातून आत रंग जाऊ नये म्हणून भोकात ओलसर स्पंजचा तुकडा कोंबून ठेवा.

कोणता प्रायमर? बाजारात ढोबळमानाने दोन जाती आहेत. लॅकर जातीत मिस्टर हॉबीचे सर्फेसर आणि तामियाचा फाइन सरफेस प्रायमर येतात. सर्फेसरवरचे ५००, १०००, १२००, १५०० हे आकडे कण किती बारीक आहेत ते सांगतात: ५०० खड्डे बुजवायला, १५०० सर्वात तलम. यांतलं द्रावक प्लॅस्टिकचा वरचा थर किंचित मऊ करून त्यात घुसतं, म्हणून पकड जबरदस्त, आणि वाळताना थर आकसून तपशिलावर घट्ट बसतो. दुसरी जात पाण्यावर चालणारी. व्हॅलेजोचा सरफेस प्रायमर हा त्यातला सर्वांच्या माहितीचा. त्याला वास जवळजवळ नसतो, ब्रशनेही लावता येतो, पण तो प्लॅस्टिकला चावत नाही. वर एक लवचीक पापुद्रा तयार होतो. घासायला गेलात तर रबरासारखा गोळा होऊन निघतो, आणि धातूवर टेपने सालपटासारखा सुटू शकतो.

तुमच्या गाडीला, पितळ आणि ॲल्युमिनियम असल्यामुळे, मी बिनदिक्कत लॅकर सांगेन. १५०० चा सर्फेसर किंवा तामियाचा कॅन. धातूच्या भागांवर त्याआधी मेटल प्रायमरचा एक पारदर्शक हात ब्रशने दिलात तर टेपची भीती जवळपास संपते. घरात वासाची अडचण असेल, लहान मुलं असतील, तर पाण्याचा प्रायमर वापरा. मात्र मग धातूच्या भागांवर मेटल प्रायमर हवाच, टेपऐवजी दुसरी युक्ती वापरा (ती पुढे सांगतो), आणि प्रायमरला किमान पूर्ण एक दिवस द्या.

मोटारीच्या प्रायमरचं काय करायचं ते स्पष्टच सांगतो: या गाडीवर नको. तो पत्र्यावरचे ओरखडे भरण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे त्यात भरण जास्त आणि थर जाड. काहींमधलं द्रावक इतकं कडक असतं की पॉलिस्टायरीनवर बारीक जाळी उमटते. तरीही वापरायचाच असेल तर आधी त्याच संचातल्या उरलेल्या स्प्रूवर (सुटे भाग ज्याला लागून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर) मारून बघा. रात्रभर ठेवा, भिंगाने बघा, नखाने खरवडा. स्प्रू फेकून देऊ नका असं मी सगळ्यांना सांगतो ते याच कामासाठी: प्लॅस्टिक तेच, त्यामुळे त्याच्यावरची चाचणी खरी.

आता खरखरीतपणा. हे नव्वद टक्के अंतराचं काम आहे. कॅन लांब धरला, किंवा हवा फार गरम आणि कोरडी असली, की रंगाचे थेंब वाटेतच वाळतात आणि मॉडेलवर धूळ बनून बसतात. भीतीपोटी माणूस कॅन लांब नेतो आणि नेमकं हेच ओढवून घेतो. उलट फार जवळ धरला की ओघळ. मॉडेलच्या कॅनसाठी २० ते २५ सें.मी. अंतर ठेवा. कॅन वापरण्याआधी हाताला सोसवेल अशा कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवा, मग निदान दोन मिनिटं जोरात हलवा. कोमट झाल्याने आतला दाब वाढतो आणि फवारा बारीक होतो. उकळतं पाणी, शेगडी, हीटर यांच्याजवळ कॅन चुकूनही न्यायचा नाही. तो फुटू शकतो.

फवाऱ्याची सुरुवात मॉडेलच्या बाहेर हवेत करा, हात सरळ रेषेत गाडीवरून न्या, आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट उचला. नोझल उघडताना आणि बंद होताना थुंकतं. ती थुंकी गाडीवर पडायला नको. पहिला हात इतका हलका की खालचं प्लॅस्टिक दिसत राहतं. दहा मिनिटं थांबा. दुसरा हात दुसऱ्या दिशेने. आधी अवघड जागा घ्या, म्हणजे स्कर्टच्या मागची बाजू, फेंडरखालचा भाग, तोफेच्या बुडाची खाच. सपाट पृष्ठभाग शेवटी. बहुतेक जण उलट करतात आणि मग कोपरे भरण्याच्या नादात सपाट भागावर तीन हात चढतात. थर पडताक्षणी क्षणभर ओलसर चमकला आणि लगेच मॅट झाला तर अंतर बरोबर आहे. पडतानाच कोरडा दिसला तर जवळ या. काम झाल्यावर कॅन उलटा करून नुसता वायू येईपर्यंत दाबा, नाहीतर पुढच्या वेळी नोझल बंद.

एअरब्रश असेल तर गोष्टी सोप्या होतात. प्रायमरला ०.३ किंवा ०.४ मि.मी. चं नोझल, २० पीएसआयच्या आसपास दाब, अंतर आठ-दहा सें.मी. सर्फेसर आणि थिनर एकास एकपासून सुरू करा, गरम दिवसात थिनर वाढवा. लेव्हलिंग थिनर घेतलात तर उत्तम, कारण त्यात वाळणं लांबवणारं द्रव्य असतं आणि थर स्वतःहून सपाट होतो. हवा फार दमट असेल तर लॅकरला हात लावू नका. द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पांढरट झाक येते. आलीच तर घाबरू नका. कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारला की बहुतेक वेळा ती जाते.

कॅन असो की एअरब्रश, लॅकरसाठी कार्बन काडतुसं असलेला मास्क लागतो. कापडी किंवा दवाखान्यातला मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. खिडकी उघडी, हवा बाहेर खेचणारा पंखा, आणि खोलीत ज्योत नको. यात सवलत नाही.

आधीच खरखरीत झालेल्या मॉडेलचंही सांगतो, कारण ते बहुधा अजून कपाटात असेल. प्रायमर पूर्ण वाळलेला असताना आखूड केसांच्या ताठ ब्रशने, कोरडाच, गोल गोल घासा. वर नुसती धूळ बसली असेल तर ती झडते आणि तपशील शाबूत राहतात. सपाट चिलखतावर बारीक सँडिंग स्पंज चालेल. त्यानेही भागलं नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश. ॲक्रिलिक रंग त्याने उतरतात. प्रायमर कसा वागेल ते मात्र स्प्रूवर बघून ठरवा.

काळा की राखाडी, या प्रश्नावर लोक हिरिरीने भांडतात. माझं मत असं: सांधे तपासायला राखाडी सर्वात चांगला, म्हणून आधी राखाडी. त्यावर छटांचा खेळ करायचा असेल तर चाकांमागे, स्कर्टखाली, टरेटच्या बुडाशी काळ्याचा हलका फवारा द्या आणि वरून पांढरट राखाडी मारा, म्हणजे उजेड कुठून येतो ते आधीच ठरून जातं. अख्खी गाडी काळी करून वर पिवळा चढवणं मला आवडत नाही. गडद पिवळा रंग झाकायला कमजोर असतो. काळ्यावर तो हिरवट मारतो, आणि तो हिरवटपणा घालवायला दोन हात जास्त लागतात. म्हणजे पुन्हा जाडी. तिसरा पर्याय तांबड्या ऑक्साइडचा. खऱ्या जर्मन गाड्यांचं अस्तर त्याच रंगाचं, आरएएल ८०१२ (आरएएल ही रंगांना क्रमांक देणारी जर्मन पद्धत), होतं. तामियाचा प्रायमर त्या रंगातही मिळतो. वरचा रंग खरवडून टवके दाखवणार असाल तर तांबडं अस्तर फार कामाचं.

वरच्या रंगाचं आता बघू. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन गाड्यांचा मूळ रंग गडद राखाडी ७०२१ वरून गडद पिवळा ७०२८ झाला. तुमची आवृत्ती १९४३-४४ मधली, त्यामुळे राखाडीचा प्रश्न येत नाही. ऑलिव्ह हिरवा ६००३ आणि तांबूस तपकिरी ८०१७ हे दोन रंग घट्ट पेस्टच्या रूपात लष्करी तुकड्यांना दिले जात. तिथले लोक ती पेस्ट पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात कालवून, हाताशी असेल त्या स्प्रेगनने किंवा ब्रशने गाडीवर मारत. म्हणून छटा गाडीगणिक बदलायची, कुठे रंग दाट, कुठे खालचा पिवळा दिसतोय. आरएएलचा अचूक जुळणारा डबा शोधण्यात महिने घालवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं असतं की मूळ गाड्याच एकमेकींशी जुळत नव्हत्या.

तामियाच्या रंगांत पिवळ्यासाठी एक्सएफ-६०, हिरव्यासाठी एक्सएफ-५८, तपकिरीसाठी एक्सएफ-६४ घ्या. मी एक्सएफ-६० सरळ डब्यातून वापरत नाही. त्यात पांढरा किंवा बफ थोडा मिसळून उजळ करतो. लहान वस्तूवर तोच रंग मोठ्या वस्तूपेक्षा गडद भासतो, शिवाय पुढे वॉश आणि धुळीचे थर त्याला आणखी गडद करणार आहेत. सुरुवातीला जरा जास्तच फिका वाटला पाहिजे. पॅनेलच्या मध्यभागी अजून थोडा उजळ करून मारा, कडा मूळ रंगात राहू द्या.

छद्मावरणाचे पट्टे काढताना पुन्हा ३५ चा भागाकार कामी येतो. खऱ्या स्प्रेगनने मारलेल्या पट्ट्याची धूसर कड पाच ते दहा सें.मी. धरली, तर मॉडेलवर ती दीड ते तीन मि.मी. व्हायला हवी. यापेक्षा रुंद धूसर झाली की मॉडेल खेळण्यासारखं दिसू लागतं. एअरब्रशने इतकी बारीक कड काढायची तर रंग दुधापेक्षाही पातळ, दाब १० ते १२ पीएसआय, आणि नोझल पृष्ठभागापासून दोन-तीन सें.मी. वर. आधी पट्ट्याची बाह्यरेषा, मग आतलं भरण. प्रत्येक पट्ट्याआधी कागदावर एक रेघ मारून बघायची सवय लावा, सुईच्या टोकावर वाळलेला रंग तिथेच कळतो.

कॅनच वापरणार असाल तर ब्लूटॅकसारख्या मऊ पुट्टीच्या वळ्या करा, पट्ट्याच्या कडेला लावा, पट्ट्याबाहेरचा भाग टेपच्या तुकड्यांनी झाका आणि अगदी समोरून, लंब दिशेने फवारा. वळी गोल असल्याने कड आपोआप किंचित धूसर होते. पाण्याच्या प्रायमरवालेही हीच युक्ती वापरू शकतात. त्यांनी झाकायला टेपऐवजी पुट्टीच पसरावी. जिथे टेप लावणं भागच आहे तिथे ती आधी काचेवर दोनदा चिकटवून काढा, चिकटपणा उतरतो. काढताना टेप स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळपास समांतर, हळू ओढा. सरळ वर उपटलीत तर रंग सोबत येणार.

एअरब्रश नाही, कॅनही नको, फक्त ब्रश आहे, तरी चांगला रणगाडा होतो. पण मग तामियाचे रंग सोडा. ते ब्रशखाली पुन्हा विरघळतात आणि दुसरा हात पहिल्याला उकरतो. व्हॅलेजोचे मॉडेल कलर घ्या, पाण्याने दुधाइतके पातळ करा, रुंद चपट्या मऊ ब्रशने चिलखताच्या वरून खाली ओढा, आणि ओल्या भागावर परत जाऊ नका. पहिल्या हातानंतर गाडी भयानक दिसते. दिसू द्या. पूर्ण वाळल्यावर दुसरा, लागला तर तिसरा. फक्त या रंगांत अल्कोहोल किंवा लॅकर थिनर घालू नका; रंग फाटतो आणि गुठळ्या होतात.

वाळण्याची एक खूण सांगतो. मॉडेल नाकाजवळ न्या. थिनरचा वास येत असेल तर आत अजून द्रावक आहे, हाताला कितीही कोरडं लागलं तरी. त्यावर टेप नको, वॉश नको, दुसऱ्या जातीचा रंग नको. लॅकर प्रायमर काही मिनिटांत हाताला लागेनासा होतो, पण टेप लावायची तर रात्रभर थांबलेलं बरं. एनॅमलला (तेलावर आधारलेल्या रंगाला) त्याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो. क्रम लक्षात ठेवा: खाली लॅकर, वर ॲक्रिलिक, सर्वात वर एनॅमल आणि ऑइल. एनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा थर सुरकुततो.

पॅन्झर ४ ला एका बाजूला आठ, म्हणजे एकूण सोळा जोडचाकं आहेत आणि प्रत्येकाला रबराची धाव. ही चाकं गाडीला न चिकटवता वेगळी रंगवा. प्रत्येक चाक टूथपिकवर घट्ट बसवा, पिवळा रंग फवारा, मग गडद राखाडी रबराचा रंग (एक्सएफ-८५ चालतो, शुद्ध काळा नको) पातळ करून बारीक ब्रशवर घ्या. ब्रश धावेच्या कडेला टेकवून स्थिर धरा आणि फिरवायची ती टूथपिक. धातू आणि रबर यांच्यामधल्या खाचेत रंग आपणहून धावतो आणि वर्तुळ स्वच्छ येतं. हात बसला की चाकं पटापट होतात.

डिकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हांची पातळ चित्रं) लावण्याआधी तेवढ्या जागेवर चकचकीत वार्निश मारा. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागात डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी झाक दिसते, ती नंतर सहजासहजी जात नाही. डिकल बसल्यावर त्यावरून पुन्हा एक हात वार्निश, मग वॉश.

वॉशबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. एनॅमल वॉश किंवा त्याचं थिनर चाकांच्या आसांवर आणि स्प्रिंगांवर ओतू नका. तिथे प्लॅस्टिक ताणाखाली असतं, सांध्यांत प्रायमर पोचलेला नसतो, आणि थिनर केशाकर्षणाने आत शिरतं. वरून काही दिसत नाही. काही वेळाने आस टचकन तुटतो. बारीक ब्रशने बोल्टच्या बुडाशी आणि पॅनेलच्या रेषेत थेंब टेकवा, जास्तीचा वॉश अर्ध्या तासाने थिनरने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने टिपून घ्या. एवढं पुरतं.

आणि ट्रॅक. नंतर बसवायचे, प्रश्नच नाही. संचात मऊ व्हिनाइलचे ट्रॅक असतील तर त्यांच्यावर पाण्याचाच प्रायमर मारा. तो लवचीक असल्याने ट्रॅक वळवताना तडकत नाही, आणि एनॅमल तर काही व्हिनाइलवर कित्येक दिवस चिकटच राहतो. व्हिनाइल आणि पॉलिस्टायरीन एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षं राहिले तर व्हिनाइलमधलं मऊ करणारं द्रव्य प्लॅस्टिक वितळवू शकतं, त्यामुळे चाकांवर रंगाचा थर असणं तसंही गरजेचं. कड्या जोडून केलेले प्लॅस्टिकचे ट्रॅक असतील तर गाडीला ज्याने केलं त्याच लॅकरने करा. रंग गडद तपकिरी-राखाडी ठेवा. चालत्या गाडीच्या ट्रॅकवर नारिंगी गंज फारसा टिकत नाही, आणि जमिनीला लागणाऱ्या कडा घासून पोलादी दिसतात. तिथे पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं की काम होतं.

क्रम असा ठेवा: हल (गाडीचं धड) आणि टरेट वेगळे रंगवायचे, चाकं बसवायची, ट्रॅक चढवायचे, त्यांची माती आणि धूळ पूर्ण करायची आणि सर्वात शेवटी स्कर्ट अडकवायचे. स्कर्ट एकदा लागले की ट्रॅकच्या वरच्या भागापर्यंत ब्रश पोचत नाही. स्कर्टचे दोन-तीन तुकडे मुद्दाम गळालेले दाखवणार असाल तर कोणते, ते प्रायमरच्या आधीच ठरवा, कारण त्यामागची हलची बाजू मग उघडी दिसणार आणि तिथलं छद्मावरण पूर्ण करून ठेवावं लागेल.